'फ्यू डिफेक्ट्स' आणि पुढे ढकललेली रिलीज

हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीची टेस्टिंग टीम आणि इंग्लंडमधल्या लीड्स शहरातला तिचा क्लायंट यांच्यात एका मेलवरून जे घडलं, त्याची ही नोंद. क्लायंट विमा क्षेत्रातला. कंपन्यांमधल्या लोकांना कामाचं इंग्रजी शिकवणं हा माझा व्यवसाय. हे प्रकरण माझ्याकडे आलं ते "टीमचं कम्युनिकेशन जरा बघा, सर" अशा मोघम निरोपासह. कोणाची ओळख पटू नये म्हणून तपशील आणि आकडे बदलले आहेत. इंग्रजीच्या चुका मात्र बदललेल्या नाहीत, कारण प्रकरण त्यांचंच आहे.

मेल गुरुवारी संध्याकाळी गेला, रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती वापरात देणं, शुक्रवारी रात्री होती. मेल लिहिणारी टेस्ट लीड दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, मग इंजिनिअरिंग, मग हीच लाइन. कामाला चोख. तिच्या हातून सुटलेला डिफेक्ट, म्हणजे सॉफ्टवेअरमधला दोष, प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापरात, सापडला असं सहसा होत नाही, हे तिचा मॅनेजरही मान्य करतो. मेल असा होता:

"टेस्टिंग इज ऑलमोस्ट कम्प्लीट. फ्यू डिफेक्ट्स आर ओपन इन रिन्यूअल मॉड्यूल. वुई नीड लिटल टाइम फॉर रीटेस्टिंग. ऑल द पेमेंट सिनॅरिओज आर नॉट कव्हर्ड. मोस्ट ऑफ डिफेक्ट्स आर कॉस्मेटिक. वुई गॉट मेनी फीडबॅक्स फ्रॉम युजर्स. प्लीज लेट अस नो इफ सम क्लॅरिफिकेशन इज रिक्वायर्ड."

सात वाक्यं. स्पेलिंगची चूक एकही नाही. तिला जे सांगायचं होतं ते मी तिच्याच तोंडून मराठीत ऐकलं: टेस्टिंग बरंचसं झालंय, पण रिन्यूअलमध्ये, म्हणजे पॉलिसी नूतनीकरणाच्या भागात, काही डिफेक्ट अजून ओपन आहेत. रीटेस्टिंगला थोडा वेळ द्या. पेमेंटचे सगळे सिनॅरिओ, म्हणजे तपासून बघायच्या शक्यता, अजून झालेले नाहीत. प्रत्यक्षात 11 डिफेक्ट ओपन होते, रीटेस्टिंगला 3 दिवस हवे होते आणि पेमेंटच्या 40 सिनॅरिओंपैकी 34 झाले होते. म्हणजे मेलचा खरा अर्थ एकच होता: शुक्रवारी रिलीज नको.

लीड्सच्या रिलीज मॅनेजरने मात्र असं वाचलं: रिन्यूअलमध्ये डिफेक्ट जवळजवळ उरलेलेच नाहीत. रीटेस्टिंगला वेळ असा लागणारच नाही. पेमेंटचा एकही सिनॅरिओ या फेरीत घेतलेला नाही. पेमेंटच्या वाक्यापाशी तो थबकायला हवा होता. पण पेमेंटची वेगळी तपासणी त्यांच्याकडे होत असे, त्यामुळे ते पुण्याच्या कामात धरलेलंच नसेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि 'गो अहेड' कळवून टाकलं.

शुक्रवारी सकाळी ते उत्तर वाचून पुण्यात धावपळ झाली. लीड्सचं ऑफिस उघडेपर्यंत, म्हणजे आपल्याकडे दुपारचा दीड वाजेपर्यंत, हातावर हात ठेवून बसावं लागलं. मग कॉल झाला, रिलीज पुढच्या आठवड्यात गेली, पैशांचं नुकसान कोणाचंच झालं नाही. राहिली ती कुरबुर. तिकडून म्हणणं असं की तुम्हीच सगळं संपत आल्याचं कळवलंत. इकडून म्हणणं असं की डिफेक्ट ओपन आहेत, वेळ हवा आहे, हे आम्ही स्वच्छ लिहिलं होतं. आपापल्या भाषेपुरते दोघंही खरं बोलत होते.

नियम पाठ होता

पहिल्या बैठकीत मी तिला विचारलं, "फ्यू आणि अ फ्यू यांत फरक काय?" तिने क्षणात उत्तर दिलं. फ्यू म्हणजे जवळपास नाहीतच, अ फ्यू म्हणजे काही, द फ्यू म्हणजे जे थोडे आहेत ते सगळे. शाळेच्या व्याकरणात ही तिकडी असते, शेजारी लिटल, अ लिटल, द लिटल ही दुसरी तिकडी, आणि खाली रिकाम्या जागा भरा. तिने त्या भरल्या होत्या आणि मार्कही मिळवले होते. म्हणजे हे अज्ञान नव्हतं. तेव्हा "व्याकरणाचा बेसिक कोर्स घेऊ" ही मॅनेजरची सूचना मी तिथेच बाजूला ठेवली. पाठ असलेला नियम पुन्हा पाठ करून काय साधणार?

मग लिहिताना 'अ' गळतो का? कारणं दोन, आणि दोन्ही मराठी माणसाच्या बाबतीत अगदी स्वाभाविक आहेत. एक तर 'अ' म्हणजे 'एक', तो एकवचनी नामाआधी येतो, हे आपल्या डोक्यात पाचवीपासून पक्कं बसलेलं असतं. 'डिफेक्ट्स' अनेकवचनी. 'अ फ्यू डिफेक्ट्स' लिहिताना हाताला ते चुकल्यासारखं वाटतं आणि सावध माणूस तो 'अ' खोडतो. निष्काळजी माणसापेक्षा काळजीपूर्वक लिहिणाऱ्याकडून ही चूक जास्त होते, असं मला वर्गात पुन्हापुन्हा दिसलं आहे. इथला 'अ' डिफेक्टचा नाहीच. 'अ फ्यू' हा सबंध एकच शब्द आहे असं धरून चालावं.

दुसरं कारण जास्त खोल आहे. फ्यू आणि अ फ्यू यांत आकड्याचा फरक नसतो. 11 डिफेक्टना दोन्ही म्हणता येतं. फरक असतो तो बोलणाऱ्याच्या कलाचा. 'अ फ्यू' म्हणणारा 'आहेत' या बाजूला उभा असतो आणि 'फ्यू' म्हणणारा 'नाहीत' या बाजूला. हा कल मराठीतही आपण रोज दाखवतो, फक्त त्यासाठी आपल्याकडे वेगळी हत्यारं आहेत. "थोडी माणसं आली" आणि "थोडीच माणसं आली" ही दोन वाक्यं घ्या. पहिल्यात कार्यक्रम झाला, दुसऱ्यात तो पडला. सगळं काम त्या एका 'च'ने केलं. किंवा "फारशी माणसं आली नाहीत" असं आपण म्हणतो. 'फारसं'ला आपल्याकडे 'नाही'ची सोबत लागतेच, "फारशी माणसं आली" असं कोणी म्हणत नाही. इंग्रजीत तो नकार 'फ्यू'च्या पोटातच असतो, वरून वेगळा 'नॉट' येत नाही. त्यामुळे मराठी डोळ्याला "फ्यू डिफेक्ट्स आर ओपन" हे साधं होकारार्थी वाक्य दिसतं. इंग्रज माणसाला त्यात नकार ऐकू येतो.

हा नकार खरोखर व्याकरणात आहे, निव्वळ सूर नाही, हे टीमला पटवायला मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. "अ फ्यू पीपल केम, डिडन्ट दे?" आणि "फ्यू पीपल केम, डिड दे?" शेवटच्या शेपटीचा नियम सगळ्यांना माहीत असतो: वाक्य होकारार्थी तर शेपटी नकारार्थी, आणि उलट. 'फ्यू'च्या वाक्याला होकारार्थी शेपटी लागते, म्हणजे इंग्रजी ते वाक्य नकारार्थी धरते. तसंच 'एव्हर' या शब्दाचं. "फ्यू युजर्स एव्हर कम्प्लेन्ड" चालतं, "अ फ्यू युजर्स एव्हर कम्प्लेन्ड" चालत नाही. 'लिटल'चंही तेच: "लिटल डिड ही नो" अशी जी उलटी रचना आपण वाचतो, ती 'नेव्हर'सारख्या नकारार्थी शब्दांनंतर येणारी रचना आहे. एवढं दाखवल्यावर मागच्या बाकावरचा एक डेव्हलपर म्हणाला, "म्हणजे फ्यूच्या आत नॉट कंपाइल झालेला आहे." मला यापेक्षा नेमकं सांगता आलं नसतं.

मेलमधला घात एकट्या 'फ्यू'ने झाला नाही. पुढच्याच वाक्यात 'लिटल टाइम' होता आणि त्याचा कलही त्याच बाजूचा. "वुई नीड लिटल टाइम" म्हणजे आम्हाला वेळ फारसा लागणारच नाही. आपल्याला म्हणायचं असतं "जरा वेळ द्या", त्यासाठी 'अ लिटल टाइम' किंवा सरळ 'सम टाइम'. एक शब्द चुकीच्या बाजूला झुकला असता तर वाचणाऱ्याने कदाचित विचारलं असतं. इथे दोन वाक्यं लागोपाठ एकाच चुकीच्या बाजूला झुकली, वर पहिल्या वाक्यात 'ऑलमोस्ट कम्प्लीट' होतंच. तिन्ही मिळून एक सुसंगत चित्र उभं राहिलं, आणि सुसंगत चित्रावर शंका कोण घेतो?

इथे टेस्ट लीडने एक रास्त प्रश्न केला. "सर, आमच्या आतल्या मेल्समध्ये आम्ही सगळे असंच लिहितो. बेंगळुरूची टीमपण. कधीच घोटाळा झाला नाही." बरोबर आहे. 'आय हॅव फ्यू डाउट्स' हे भारतातल्या ऑफिसांमध्ये इतकं रुळलं आहे की ऐकणारा ते "मला काही शंका आहेत" असंच घेतो. हिंदी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्यांच्या भाषांतही इंग्रजीसारखा 'अ' नाही, त्यामुळे सगळे एकाच बाजूने चुकतात आणि एकमेकांना समजतात. मी त्याला अडाणीपणा म्हणणार नाही, ती आपसातली रीत आहे. फक्त ती रीत लीड्सच्या माणसाला कोणी सांगितलेली नव्हती.

व्यवहारात मी त्यांना एक सोपी वाट सुचवली: नुसता फ्यू आणि नुसता लिटल वापरूच नका. त्याने काहीच अडत नाही. बोलीतले इंग्रजही नुसता फ्यू कमीच वापरतात, तो जरा पुस्तकी वाटतो. 'फारसे नाहीत' म्हणायचं तर ते 'नॉट मेनी' किंवा 'हार्डली एनी' म्हणतात. 'थोडेच' म्हणायचं तर 'ओन्ली अ फ्यू'. म्हणजे लिहिण्याआधी मराठीत स्वतःशी वाक्य म्हणून बघायचं. त्यात 'च' आला तर 'ओन्ली' लावा, 'फारसं नाही' आलं तर 'नॉट मेनी' किंवा 'नॉट मच' घ्या, यातलं काहीच आलं नाही तर 'अ फ्यू', 'अ लिटल' किंवा 'सम'. 'लिटल'ला छोटेपणाचाही अर्थ आहे एवढं मात्र लक्षात ठेवावं. 'अ लिटल बग' म्हणजे थोडासा बग नव्हे, लहानसा बग.

सगळे नाहीत की एकही नाही

चौथं वाक्य मला सगळ्यांत रंजक वाटलं: "ऑल द पेमेंट सिनॅरिओज आर नॉट कव्हर्ड." हे "सगळे सिनॅरिओ झाले नाहीत"चं शब्दाला शब्द इंग्रजी. मराठी वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा 'काही व्हायचे राहिलेत' असाच घेतला जातो. एकही झाला नसेल तर आपण "एकही सिनॅरिओ झाला नाही" असं वेगळं वाक्य करतो. इंग्रजीत 'ऑल' पुढे आणि 'नॉट' मागे असलं की दोन्ही अर्थ निघतात, आणि कोणता घ्यायचा ते वाचणाऱ्याच्या मर्जीवर राहतं.

इंग्रजही हे करतात, हे सांगायलाच हवं. "ऑल दॅट ग्लिटर्स इज नॉट गोल्ड" या म्हणीत अगदी हीच रचना आहे, आणि चकाकणारी एकही वस्तू सोन्याची नसते असा तिचा अर्थ कोणी करत नाही. पण म्हण आधीपासून माहीत असते, म्हणून तिथे खपून जातं. मराठीत तीच गोष्ट सांगताना आपण "चकाकतं ते सगळंच सोनं नसतं" असं म्हणतो. पुन्हा तो 'च'. शंका फिटते ती त्यानेच. इंग्रजीकडे 'च' नाही, म्हणून तिला शब्दांचा क्रम बदलावा लागतो: 'नॉट'ला उचलून 'ऑल'च्या आधी ठेवायचं. "नॉट ऑल द पेमेंट सिनॅरिओज हॅव बीन कव्हर्ड." आता दुसरा अर्थ निघतच नाही. एकही झाला नसेल तर "नन ऑफ द पेमेंट सिनॅरिओज हॅव बीन कव्हर्ड." 'नन'पुढे 'हॅज' की 'हॅव' यावर वाद घालणारे भेटतील. दोन्ही चालतात, पुढे जावं.

'बोथ'चं दुखणं हेच, आणि आयटीत ते जास्त महागात पडू शकतं. रात्री दोन वाजता सपोर्टला "बोथ सर्व्हर्स आर नॉट वर्किंग" असा मेसेज गेला तर समोरच्याने काय समजायचं? दोन्ही बंद, की दोन्ही एकाच वेळी चालू नाहीत, म्हणजे एक चालू आहे? दोन्ही बंद असतील तर "नायदर सर्व्हर इज वर्किंग", एक चालू असेल तर "ओन्ली वन ऑफ द सर्व्हर्स इज वर्किंग". 'नायदर'नंतर नाम एकवचनी, 'ऑफ द'नंतर अनेकवचनी.

या टीमच्या जुन्या डिफेक्ट नोंदी चाळताना याच घराण्यातलं आणखी एक वाक्य सापडलं: "एनी एजंट कॅननॉट एडिट द रिन्यूअल डेट." मूळ मराठी उघड दिसतं: "कोणताही एजंट तारीख बदलू शकत नाही." तक्रार होती की हक्क असूनही कोणालाच तारीख बदलता येत नाही. तिकडच्या डेव्हलपरला वाटलं की हा नियम सांगितलाय, सोम्यागोम्या एजंटला तारीख बदलता येऊ नये असा. त्याने 'अपेक्षेप्रमाणे चालतं आहे' असा शेरा मारून नोंद बंद केली होती. इंग्रजीत 'एनी' नकाराच्या मागे येऊ शकतो, पुढे नाही. "वुई डोन्ट सी एनी एरर" चालेल, कारण 'डोन्ट' आधी आला. वाक्याची सुरुवातच करायची असेल तर 'एनी' अधिक 'नॉट' यांचा मिळून 'नो' होतो: "नो एजंट कॅन एडिट द रिन्यूअल डेट." मराठीत 'नाही' शेवटी येतं, इंग्रजीत नकार शक्य तितका आधी उरकून घेतात. हा एक मुद्दा टीमच्या गळी उतरला आणि नोंदींमधली कितीतरी वाक्यं आपोआप सुधारली.

बाकीचं

उरलेल्या वाक्यांनी रिलीज अडवली नव्हती, म्हणून त्यांवर मी फार वेळ घालवला नाही. "मोस्ट ऑफ डिफेक्ट्स" मध्ये एक तर 'ऑफ' जास्त आहे किंवा 'द' कमी. एकूणच डिफेक्टांबद्दल बोलायचं तर 'मोस्ट डिफेक्ट्स', समोरच्या ठरावीक ढिगाबद्दल बोलायचं तर 'मोस्ट ऑफ द डिफेक्ट्स'. 'ऑफ' आला की पाठोपाठ 'द', 'दीज', 'अवर' किंवा 'देम' असं काहीतरी हवंच. 'सम ऑफ', 'मेनी ऑफ', 'ईच ऑफ' यांनाही हेच लागू. आणि 'वन ऑफ द'नंतर अनेकवचन, 'वन ऑफ द रीझन्स'. हा 'स' महाराष्ट्रात इतका गळतो की मी त्याच्यासाठी वेगळा तास ठेवतो.

"मेनी फीडबॅक्स"ची गंमत वेगळी आहे. आपल्या 'खूप', 'जास्त', 'कमी' या शब्दांना मोजता येणाऱ्या आणि न येणाऱ्या वस्तूंत फरक करावा लागत नाही: खूप पाणी, खूप माणसं. 'थोडा' बदलतो तो लिंग-वचनाप्रमाणे: थोडा वेळ, थोडी जागा, थोडं काम, थोडे पैसे. मराठी नामाला विचारते, तू 'तो', 'ती' की 'ते'? इंग्रजी विचारते, तुला मोजता येतं का? तेव्हा प्रत्येक नामाबरोबर ही एक माहिती वेगळी शिकावी लागते. मराठीवरून अंदाज बांधायला गेलं तर कधी लागतो, कधी चुकतो. 'माहिती'चं अनेकवचन आपणही करत नाही, तरी 'इन्फर्मेशन्स' मात्र बिनदिक्कत लिहितो. बातम्या, सल्ले, कामं आपण मोजतो, इंग्रजी 'न्यूज', 'अॅडव्हाइस' आणि या अर्थाचं 'वर्क' मोजत नाही. 'फीडबॅक' तसाच. पण मग 'मच फीडबॅक' लिहायचं का? व्याकरणाने चालेल, कानाला खटकेल. साध्या होकारार्थी वाक्यात 'मच' अवघडल्यासारखा वाटतो, तो नकारात आणि प्रश्नात रमतो: 'नॉट मच टाइम', 'हाउ मच टाइम'. इथे 'अ लॉट ऑफ फीडबॅक' हेच बरं.

शेवटच्या वाक्यात 'इफ सम क्लॅरिफिकेशन'ऐवजी 'इफ एनी'. हवं आहे की नाही हे माहीत नसताना 'एनी', हवं असेल असं धरून चालताना 'सम'. म्हणूनच पाहुण्याला चहा विचारताना "वुड यू लाइक सम टी?" असं म्हणतात. 'एनी' म्हटलं तर तो नको म्हणेल अशी आशा धरल्यासारखं होतं, असं मी वर्गात सांगतो. थोडी अतिशयोक्ती आहे, पण लक्षात राहते.

मॅनेजरचा राग मात्र भलत्याच शब्दावर होता. टीमच्या आधीच्या एका रिपोर्टमध्ये 'लेस डिफेक्ट्स' असं होतं आणि त्याने ते लाल करून 'फ्युअर' असं दुरुस्त केलं होतं. इंग्रजीची शिस्त म्हणजे हेच, अशी त्याची ठाम समजूत. शाळेचा नियम त्याच्या बाजूने आहे: मोजता येणाऱ्याला 'फ्युअर', न येणाऱ्याला 'लेस'. पण या नियमाचं वजन किती ते बघा. 1770 साली रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने 'शंभरपेक्षा कमी नाही' अशा ठिकाणी आपल्याला 'लेस'पेक्षा 'फ्युअर' बरा वाटतो असं लिहिलं, आणि एका माणसाची ही आवड पुढे नियम होऊन बसली. त्याआधी शतकानुशतकं इंग्रज मोजता येणाऱ्या वस्तूंनाही 'लेस' लावत होते. ब्रिटनमधल्या टेस्को या दुकानांत झटपट काउंटरवर '10 आयटम्स ऑर लेस' अशी पाटी असायची. त्यावर व्याकरणप्रेमींनी इतकी कुरकुर केली की 2008 मध्ये कंपनीने सोप्या इंग्रजीसाठी झटणाऱ्या एका संस्थेचा सल्ला घेऊन पाटी 'अप टु 10 आयटम्स' अशी करून टाकली, म्हणजे भांडणातले दोन्ही शब्दच हटवले. आधीची पाटी वाचून अकरावी वस्तू घेऊन कोणी चुकून रांगेत उभं राहिलं असेल, असं मला वाटत नाही. शिवाय वेळ, अंतर, पैसे यांच्यापुढे आकडा असला तरी 'लेस'च शोभतो: 'लेस दॅन थ्री डेज'. औपचारिक रिपोर्टमध्ये 'फ्युअर डिफेक्ट्स' लिहावं हे मी मॅनेजरला मान्य केलं. पण 'लेस'ने अर्थ कधीच उलटा होत नाही, 'फ्यू'ने होतो. लाल शाई मर्यादित असेल तर ती कुठे खर्चायची, हे सांगायला मला जरा वेळ लागला.

नवा मेल

मग आम्ही तोच मेल पुन्हा लिहिला. तिनेच लिहिला, मी शेजारी बसलो होतो.

"टेस्टिंग इज नॉट येट कम्प्लीट. इलेव्हन डिफेक्ट्स आर स्टिल ओपन इन द रिन्यूअल मॉड्यूल. मोस्ट ऑफ देम आर कॉस्मेटिक, बट अ फ्यू अफेक्ट द प्रीमियम. वुई नीड थ्री मोअर डेज फॉर रीटेस्टिंग. नॉट ऑल द पेमेंट सिनॅरिओज हॅव बीन कव्हर्ड: थर्टी फोर आउट ऑफ फोर्टी आर डन. वुई डू नॉट रेकमेंड अ रिलीज धिस फ्रायडे. वुई हॅव ऑल्सो हॅड अ लॉट ऑफ फीडबॅक फ्रॉम द युजर्स. प्लीज लेट अस नो इफ यू नीड एनी क्लॅरिफिकेशन."

दोन गोष्टी इथे व्याकरणापलीकडच्या आहेत. पहिल्या मेलमध्ये प्रीमियम चुकवणारे डिफेक्ट आहेत हे कुठेच नव्हतं, आणि रिलीज नको हेही नव्हतं. "मी कशी सांगणार रिलीज थांबवा म्हणून? तो त्यांचा निर्णय," असं ती म्हणाली. आपल्याकडे थेट नको म्हणण्याचा संकोच असतो, आणि मग 'फ्यू', 'लिटल', 'सम' हे शब्द त्या संकोचावर पांघरूण घालायला बरे पडतात. आकडा लिहिला की पांघरूण सरकतं. तिचा हात अडला तो 'इलेव्हन' लिहिताना, 'अ फ्यू'पाशी नाही.

लीड्सच्या मॅनेजरलाही मी पूर्ण सोडणार नाही. 'फ्यू' वाचून "किती?" एवढा एक शब्द त्याने परत पाठवला असता तर हे प्रकरण माझ्याकडे आलंच नसतं. तसं मी आमच्या संयुक्त कॉलवर सुचवलं, त्यानेही ते खिलाडूपणे घेतलं.

कंपनीने यावर नेहमीचा उपाय काढला: स्टेटस मेलचा साचा बदलला. आता किती ओपन, किती दिवस, कितीपैकी किती, या जागी आकडाच भरावा लागतो. साच्याला माझा विरोध नाही. पण त्याबरोबर फ्यू, मेनी, मोस्ट या शब्दांवर सरसकट बंदी घालण्याचं चाललं होतं, ते मी थांबवलं. 11 हा आकडा चांगला की वाईट हे आकडा स्वतः सांगत नाही. गेल्या वेळी 60 होते म्हणून "ओन्ली इलेव्हन" म्हणायचं, की रिलीज तोंडावर आहे म्हणून "स्टिल इलेव्हन" म्हणायचं, हा कल दाखवायला असे शब्द लागणारच. वाचणाऱ्याला दोन्ही हवं असतं.

पुढच्या रिलीजच्या आधीचा मेल मला बघायला पाठवला होता, पण मी उघडेपर्यंत तो क्लायंटकडे गेलेलाही होता. साच्यात आकडे नीट भरलेले, 'नॉट ऑल' जागेवर, 'एनी' जागेवर. डिफेक्टांच्या ओळीत आकडा होता 2, आणि पुढे लिहिलं होतं 'क्वाइट अ फ्यू'. तिचा हिशोब सरळ होता: 'क्वाइट' म्हणजे अगदी, 'अ फ्यू' म्हणजे थोडे, झालं 'अगदी थोडे'. इंग्रजीत 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे बरेच, चांगले ढीगभर. या वेळी लीड्सहून तासाभरात उत्तर आलं. त्यात एकच प्रश्न होता: दोन की बरेच? तिने 'दोन' असं कळवलं आणि रिलीज ठरल्या रात्री गेली.